हरणाऱ्या टीमचं पब्लिक

रियाधमध्ये आमच्या गावाची एक फुटबॉल टीम होती आणि ती हरायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे म्हातारा बढाया मारतोय असं पुढे कोणाला वाटायला नको. बढाया मी मारणारच आहे, पण त्या वेगळ्या गोष्टीच्या.

आमचं गाव रायगडच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी. गावातले निम्मे बापये तेव्हा सौदीत होते. कुणी हुफूफला खजुराच्या वखारीत, कुणी मदिन्यात यात्रेकरूंच्या हॉटेलात, आणि सगळ्यांत जास्त रियाधला. मी एका इस्पितळाच्या स्टोअरमध्ये होतो. हातमोजे कुठल्या कपाटात आहेत आणि ते किती दिवस पुरतील, हे सांगण्यात माझी पंचवीस वर्षं गेली. टीमचा मॅनेजर मी झालो तो फुटबॉल कळतो म्हणून नव्हे. मला बॉलला नीट लाथसुद्धा मारता येत नाही. पण याद्या करायची सवय मलाच होती आणि बाकी कोणी तयार नव्हतं.

थंडीच्या महिन्यांत दर शुक्रवारी, दुपार कलताना असरच्या नमाजानंतर, शहराबाहेरच्या एका इस्तिराह्यात सामने व्हायचे. इस्तिराहा म्हणजे भाड्याने मिळणारी कुंपणाची जागा. मध्ये मैदान, एका बाजूला बसायला ओटे, दुसऱ्या बाजूला बायकांसाठी कनात. सात-सात जणांच्या टीमा, आणि त्यातल्या बहुतेक सगळ्या मल्याळी मुलांच्या. ती मुलं मनापासून खेळायची. त्यांचा कोच शिट्टी वाजवायचा, मुलं सामन्याआधी अर्धा तास धावून अंग मोकळं करायची, पायाला पट्ट्या बांधायची. आमची मुलं तेवढ्या वेळात घावने खायची.

आम्ही का हरायचो, त्याचं कारण आमच्या फ्रीजवर चिकटवलेलं होतं. अल मलाझमधल्या आमच्या खोलीत आम्ही अकराजण राहत होतो आणि स्वयंपाकघर एक. स्वयंपाकाची पाळी कोणाची, याची यादी फ्रीजवर असायची आणि पाळी चुकवणं म्हणजे मोठा गुन्हा. टीम निघाली तेव्हा आमच्या एका थोरल्या भाईने ठरवून दिलं की मैदानावरही पाळी लागेल. गावचा जो कोणी माणूस या मुलखात असेल, त्याला हंगामात निदान एकदा दहा मिनिटं मैदानात उतरायला मिळालंच पाहिजे. वय विचारायचं नाही, पोट बघायचं नाही. मग फ्रीजवर दोन याद्या झाल्या. एकीवर डाळभात कोणाचा ते असायचं, दुसरीवर उजवी बाजू कोण सांभाळणार ते.

एक जण मदिन्यातल्या हॉटेलात चादरी धुवायच्या कामाला होता. तो आपल्या पाळीसाठी रात्रभर बसमध्ये बसून आला, दहा मिनिटं मैदानात उभा राहिला, बॉल एकदाही त्याच्याजवळ आला नाही, आणि तो खूश होऊन परत गेला. त्याच्याबरोबर त्याच्या खोलीतले चौघे आले होते. रियाधमधली त्याची बहीण, मेव्हणा, मेव्हण्याचा भाऊ, सगळे आले होते. आता असे साठ-सत्तर पाळीवाले धरा. दर शुक्रवारी कोणाचा ना कोणाचा नवरा, भाऊ किंवा भाचा मैदानात असायचा आणि त्याला बघायला त्याचा गोतावळा हजर असायचा. चॅम्पियन टीमचं पब्लिक सामना सुरू होताना यायचं आणि संपला की निघून जायचं. आमचं पब्लिक सामना संपल्यावर वाढायचं. सतरंज्या पसरायच्या, सांदणं निघायची, तांदळाच्या भाकरी आणि सुका जवळा निघायचा. सुट्टीवर जाणाऱ्याच्या हवाली गावी द्यायच्या वस्तू व्हायच्या आणि दोन-तीन लग्नंही तिथेच जुळली. पाच-शून्य हरलेल्या टीमचं हे पब्लिक आहे, असं कोणाला सांगूनही पटलं नसतं.

फक्त गोलकीपरला पाळी नव्हती, कारण ती जागा कोणाला नको होती. तिथे कायम एकच माणूस उभा राहायचा. वय सेहेचाळीस, पोट सुटलेलं, पाय काडीसारखे. अल मलाझमध्येच एका मोबाईलच्या दुकानात तो सोळा वर्षं फोन दुरुस्त करत होता. बारीक स्क्रू चिमटीत धरणारी त्याची बोटं बॉल मात्र धरायची नाहीत. आम्ही त्याला यावरून खूप चिडवायचो. तो चिडायचा नाही. गोल खाल्ला की जाळीतून बॉल काढायचा, पुसायचा आणि पुढच्याला द्यायचा. गावात त्याचं घर माझ्या घराला लागून, त्यामुळे मला तो धाकट्या भावासारखाच.

ती सगळी वर्षं सौदायझेशनची, म्हणजे परदेशी माणसं काढून सौदींना नोकऱ्या द्यायची होती. कंपन्यांना रंग मिळाले होते. जिथे सौदी माणसं पुरेशी, ती कंपनी हिरवी, जिथे कमी ती लाल, आणि लाल कंपनीतल्या परदेशी माणसाचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, पुढे सरकायचा नाही. आमच्या गप्पांत भाताच्या भावापेक्षा रंगांचीच चर्चा जास्त. पण ज्याचं त्याचं काम चालू होतं, म्हणून भीती अंगाला लागत नव्हती. मग हुकूम निघाला की मोबाईलच्या दुकानांत यापुढे फक्त सौदीच काम करतील, विकायलाही आणि दुरुस्तीलाही. काही महिन्यांची मुदत होती. एक-एक करत त्या रस्त्यावरची ओळखीची सगळी तोंडं दिसेनाशी झाली.

गोलकीपरचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर त्याचा इकामा होता तो सौदी मालक, भला माणूस. त्याने सांगितलं की दुसरा कफील शोध, मी लगेच सोडतो, एक रियालही मागणार नाही. पण शोधायचा कुठे? सेहेचाळीस वर्षांच्या माणसाला नव्याने कोण घेणार? आणि जी कंपनी हिरव्यात असेल ती आपला हिरवा रंग परक्यासाठी कशाला पणाला लावेल? त्याच्या इकाम्याला तेव्हा साडेतीन महिने उरले होते. तो संपला की गावची वाट.

गावी जायला तो भीत नव्हता, काळजी होती ती मुलीच्या फीची. त्याची मोठी मुलगी फार्मसीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि अजून एक वर्ष बाकी होतं. आमच्या मोहल्ल्यातून शहरात जाऊन एवढं शिकणारी ती पहिलीच. एका संध्याकाळी माझ्यासमोरच त्याने तिला फोन लावला आणि सांगितलं की कॉलेजात विचारून ठेव, हे वर्ष झालं की थांबता येतं का. मला वाटलं पलीकडून रडारड होईल. पलीकडून ती एवढंच म्हणाली, "बरं, अब्बा." फोन ठेवून तो माझ्याकडे वळला.

"भाई, तिनं भांडायला पायजे होतं," तो म्हणाला. "येवढ्या शांतपणे कशाला ऐकलंन?"

 दोन दिवस मला जेवण गेलं नाही, हे खरं.

त्याच हंगामात एक मल्याळी गृहस्थ दोन-तीन शुक्रवार आमच्या सामन्याला येऊन बसू लागला. त्याचं कार्गोचं ऑफिस अल मलाझमध्येच होतं. आखातातून हिंदुस्तानात घरपोच खोकी पाठवायचा धंदा. सौदी भागीदार होता, पण सगळा कारभार याच्या हातात. आम्हाला वाटलं, त्यांच्या टीमचा कोणी असेल. पण त्याचं लक्ष मैदानाकडे नसायचंच. तो मैदानाकडे पाठ करून सतरंज्यांकडे बघत बसायचा. तिसऱ्या शुक्रवारी आमच्यातल्या बेकरीवाल्याच्या बायकोने, भाबींनी, त्याला सांदणं दिली, ती खाऊन तो माझ्याकडे आला आणि म्हणाला की त्याला आमची टीम पुरस्कृत करायची आहे. जर्सी, बूट, मैदानाचं भाडं, सगळं त्याचं. आमच्या छातीवर त्याच्या कार्गोचं नाव आणि कुंपणावर त्याचा बॅनर.

मला आधी तो थट्टा करतोय असं वाटलं. मी विचारलं, चॅम्पियन टीम सोडून आमच्यासारख्या हरणाऱ्या टीमवर पैसा कशाला घालतोस?

"भाई, टीम का कोई दाम नहीं," तो म्हणाला. "तुम्हारे पब्लिक का दाम है."

आणि मग त्याने मला समजावून सांगितलं. जिंकणाऱ्या टीमचं पब्लिक जिंकेपर्यंतच असतं, पुढच्या वर्षी ते दुसरीकडे. आमचे लोक वर्षानुवर्षं हार बघायला येतात, म्हणजे हे कुठे जाणारे लोक नाहीत. यातलं एकेक घर वर्षाला दोन-तीन खोकी गावी पाठवतं. एकदा त्यांनी याचं नाव आपलं मानलं की ती खोकी जन्मभर याची. मी स्टोअरकीपर माणूस, मालाची किंमत मला कळते. पण आपल्या घावने खाणाऱ्या लोकांना बाजारात भाव आहे हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. छाती फुगली, खोटं कशाला सांगू.

त्याच क्षणी माझ्या डोक्यात ते आलं. मी म्हणालो, बूट नकोत, जर्सी आमच्या आम्ही शिवू, भाडंही आम्ही वर्गणीतून भरत आलोच आहोत. बॅनर फुकट लाव, छातीवर नावही टाक, तीन हंगाम. त्याच्या बदल्यात एक माणूस तुझ्या इकाम्यावर घे. आमचा गोलकीपर. खोकी बांधेल, वजन करेल, तुझे सगळे फोन आणि काँप्युटर दुरुस्त करेल.

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याची कंपनी हिरव्या रंगात होती, पण काठावर. आहे त्या सौदी माणसांवर फक्त एक परदेशी जागा उरली होती आणि त्या जागेसाठी त्याच्या स्वतःच्या गावचे चौघे त्याच्या मागे लागले होते. जर्सीचा पैसा त्याच्यासाठी काही नव्हता, ती जागा सोन्याची होती. तो आठवडाभर विचार करून आला. म्हणाला की मंजूर, पण भागीदाराची सही लागेल आणि भागीदार शेवटच्या शुक्रवारी स्वतः मैदानावर येणार आहे. तो धरून चार शुक्रवार पब्लिक टिकलं पाहिजे. पब्लिक गेलं तर करार खलास. आणि एक सूचना त्याने सहज म्हणून केली. आपली पाच मुलं तो देईल, चांगली खेळणारी. टीम जिंकायला लागली तर पब्लिक वाढेलच की.

इथे मी गाढवपणा केला. मला ते पटलं. नुसतं पटलं नाही, आवडलं. इतकी वर्षं त्या मल्याळी कोचने मला बघून हसावं आणि मी कसनुसं तोंड करावं, याचा मला मनातून वीट आला होता. मलाही एकदा जिंकायचं होतं. हे कबूल करायला मला बरीच वर्षं लागली. वर मी स्वतःला सांगत होतो की हे सगळं गोलकीपरसाठी आहे. मी घरी आलो आणि फ्रीजवरच्या दुसऱ्या यादीतली पुढच्या चार शुक्रवारांची नावं खोडली. ज्यांची पाळी होती त्यांना फोन करून सांगितलं की या वर्षी थांबा, पुढच्या वर्षी डबल खेळा. सगळे बरं म्हणाले. कुणीच भांडलं नाही, आणि त्यावरूनसुद्धा मला काही कळलं नाही.

त्या पाच मुलांतला एक गोलकीपर होता. माशासारखा उडी मारायचा. त्यामुळे ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप, तो आमचा माणूस बाहेर बाकावर बसला, पाण्याच्या बाटल्या सांभाळत. मी त्याला म्हणालो की चार शुक्रवारांचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "माझ्यासाठीच चाललंय ना भाई, मग मी कुठं बसतो त्याचं काय."

पहिला सामना आम्ही तीन-शून्य जिंकलो. कोचने येऊन माझा हात हातात घेतला. मी त्या संध्याकाळी खोलीवर बिर्याणी मागवली. दुसरा सामनाही जिंकलो, पण सतरंज्या कमी वाटल्या. मला वाटलं, कोणाकडे लग्न असेल. हुफूफची गाडी आली नव्हती. मदिन्याचं तर कोणीच नव्हतं. तिसऱ्या शुक्रवारी आम्ही चार गोल केले आणि आमच्या बाजूला मी मोजून चाळीस माणसं बघितली, त्यातलीही अर्धी सामना संपायच्या आत उठली. कनातीत तर शांतताच होती. कार्गोवाला आपल्या बॅनरखाली एकटा उभा होता आणि घड्याळ बघत होता. आम्ही जिंकलो आणि मी कोणाशी हात न मिळवता तिथून निघालो.

संध्याकाळी मी बेकरीवाल्या भाईच्या घरी गेलो. त्याची बायको आमच्या कनातीची कारभारीण. शुक्रवारी कोणी काय शिजवायचं ते तीच ठरवायची, आणि त्या शुक्रवारी ती आलीच नव्हती. मी विचारलं, भाबी, तब्येत बरी नाही का? तिने चहा ठेवला आणि माझी जी खरडपट्टी काढली ती मी विसरणार नाही.

"आमचा माणूस खेळत नाय, तर आमी काय बघायला येवाचं?" ती म्हणाली. "त्या पोरांना बघायला त्यांच्या आया-बहिणी हायत. भाई, तुमी जिंका खुशाल. आमाला काय देणंघेणं नाय."

तिचा नवरा मान खाली घालून बसला होता. त्याची पाळी दुसऱ्या शुक्रवारी होती. त्यासाठी त्याने बूट घेतले होते, ते दाराशी खोक्यातच होते.

मला इतका राग आला, तोही स्वतःचाच, की मी चहा न पिता उठलो. माल ओळखता येतो म्हणून मिरवणारा मी, आणि एका परक्या माणसाने तीन शुक्रवारांत ओळखलेला माल मला पंचवीस वर्षांत ओळखता आला नव्हता. वर मी तो आपल्या हाताने नासवला होता. आणि त्यात गोलकीपरचा इकामा होता, त्याच्या पोरीचं कॉलेज होतं. एकच शुक्रवार शिल्लक होता, भागीदार येणार होता तो.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुट्टी टाकून मी कार्गोच्या ऑफिसात गेलो. म्हणालो, तुझी पाचही मुलं परत घे. या शुक्रवारी आमची माणसं खेळतील आणि आम्ही हरू. समोर चॅम्पियन टीम होती, त्यामुळे हरण्याबद्दल शंका नव्हतीच.

तो म्हणाला की मी आमच्या साहेबाला हार बघायला बोलावू?

मी त्याला म्हणालो, "भाव तूच सांगितला होता ना? टीमचा नाही, पब्लिकचा. मग पब्लिक कसं जमतं ते माझ्यावर सोड. जिंकून मी ते घालवलं, आता हरून परत आणतो." माझी हिंदी रागात बिघडते, त्यामुळे त्याला किती कळलं देव जाणे. पण तो हसला नाही. टेबलावरच्या खोक्यावर चिकटपट्टी मारत बसला. मग म्हणाला, एक शुक्रवार.

मी खोलीवर येऊन नवी यादी केली. ज्यांची ज्यांची पाळी मी खाल्ली होती, ते सगळे तिच्यात घेतले. दहा-दहा मिनिटं बसेनात, म्हणून चार-चार केली. मग फोन लावायला घेतले. हुफूफला, मदिन्याला, दम्मामला. प्रत्येकाची मी माफी मागितली. मला माफी मागायची सवय नाही, पण तिसऱ्या-चौथ्या फोनानंतर जमायला लागली. भाबींना सांगितलं की तुमचा माणूस पहिल्या मिनिटापासून उतरणार आहे. त्या म्हणाल्या, बघू.

गोलकीपरला मी फक्त एवढंच सांगितलं की शुक्रवारी जाळीत तू आहेस. तो म्हणाला, "भाई, आठ तरी गोल बसतील." मी म्हणालो, बसू देत.

त्या शुक्रवारी मी दोन वाजताच जाऊन बसलो. असर होईपर्यंत एकही सतरंजी नव्हती. मी मनातल्या मनात गोलकीपरचं सामान बांधायला घेतलं होतं. मग पहिल्यांदा हुफूफची गाडी आली, खजुराच्या पेट्यांसकट. मग दम्मामच्या दोन. मदिन्याचे सातजण उतरले, चादरीवाला सगळ्यांत पुढे, अंगात जर्सी घालूनच आलेला. बेकरीवाल्या भाबी आल्या, त्यांच्यामागे तीन पातेली, आणि कनात आतून गजबजली. नमाज होऊन सामना सुरू झाला तेव्हा ओटे भरले होते आणि माणसं कुंपणाला लागून उभी होती. नेहमीपेक्षाही जास्त, कारण एकाच दिवशी सतराजणांची पाळी होती आणि सतराजणांचे सगे आले होते. आमच्या इंग्रजी शाळेत शिकणाऱ्या पोरांनी कुठून तरी ढोल पैदा केला होता.

सामन्याबद्दल काय सांगू? बेकरीवाला नव्या बुटांत दोनदा घसरला. एक साठीचा आचारी, ज्याची पुढच्या महिन्यात कायमची घरवापसी होती, त्याने चार मिनिटांत एकदा बॉल अडवला आणि लोकांनी त्याचं जे कौतुक केलं, तसं मी चॅम्पियनचंही होताना पाहिलेलं नाही. समोरच्या मुलांनी दया दाखवली नाही, आणि ते बरंच केलं. एकामागून एक गोल होत गेले. गोलकीपर प्रत्येक वेळी जाळीतून बॉल काढायचा, पुसायचा आणि पुढच्याला द्यायचा. पाचव्या गोलानंतर ढोल जास्तच जोरात वाजायला लागला. शेवटच्या मिनिटांत त्याने एक बॉल पोटाने अडवला, हाताने नाहीच, आणि मैदानाबाहेरची माणसं आत घुसली. पंचाला सामना थांबवावा लागला. त्या वेळी मला माझ्या लोकांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा मुलाच्या लग्नातही वाटला नव्हता. घरचे हे वाचतील तर रागावतील, पण तसंच आहे.

सहा-शून्य.

कार्गोवाल्याचा सौदी भागीदार आपल्या दोन मुलांना घेऊन आला होता. सामना संपल्यावर लोकांनी गोलकीपरला खांद्यावर घेतलं होतं, आणि हे बघून तो सरळ त्याच्याकडे गेला आणि मबरूक म्हणाला. कार्गोवाल्याने त्याच्या कानात सांगितलं की ही टीम हरली. त्याला ते दोनदा सांगावं लागलं. मग त्याने एकदा सतरंज्यांकडे बघितलं, एकदा बॅनरकडे, आणि कार्गोवाल्याला अरबीत काहीतरी थोडक्यात बोलला. मुलांनी तोवर भाबींकडून सांदणं मिळवली होती.

कार्गोवाला माझ्याकडे आला. म्हणाला, "इकामे की कॉपी भेज दो. परवा कागज शुरू करते हैं." मग जरा थांबून म्हणाला की पुढच्या वर्षी त्यालाही दोन मिनिटं खेळायला मिळतील का. मी म्हणालो, आमच्या गावचा असशील तर. तो म्हणाला, आता छातीवर नाव माझंच आहे. मी त्याला यादीत सगळ्यांत खाली घातलं.

गोलकीपरला मी कुंपणाजवळ नेऊन सांगितलं.  त्याच्या अंगाला घाम आणि माती, हातात अजून ते मोठे हातमोजे. त्याने फोन काढून माझ्याकडे दिला, कारण हातमोजे काढायचं त्याला सुचत नव्हतं. मी घरचा नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाला धरला. मुलीनेच उचलला. ती नेहमी आधी सामन्याचंच विचारायची. तिचा आवाज मला ऐकू येत होता. तिने विचारलं, अब्बा, किती गोल खाल्ले?

"सहा," तो म्हणाला, आणि मग त्याला रडू आवरेना. "सहा खाल्ले. तू कॉलेज सोडू नकोस."

पलीकडून ती आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडली. म्हणाली की मी सोडणारच नव्हते, कॉलेजात मी कोणाला विचारलंच नव्हतं. तो हसत होता आणि रडत होता, आणि मी फोन धरून तसाच उभा राहिलो.